रोममधलं ‘ह्यांनी’

आमच्या सोसायटीत ती गोष्ट अशी सांगितली जाते. आम्ही दोघं युरोपच्या टूरवर गेलो होतो. रोममध्ये एका गुलाब विकणाऱ्या चोराने माझ्या बायकोच्या कानातली कुडी ओरबाडली, कानाची पाळी फाटली. मी चोराला धरून ठेवलं, आमच्या ग्रुपने त्याला चोपला, आणि खांद्यावर रक्त ठिबकत असताना तिने पोलिसांसमोर त्याला ओळखलं. त्या वर्षीच्या गणपतीत सोसायटीने आम्हाला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. माईकवर मी बोललो. ती माझ्या शेजारी उभी होती, पदर कानावरून घेऊन.

पाळी फाटली हे खरं आहे. आम्ही त्या माणसाला चोपला हेही खरं आहे. तो चोर नव्हता. पाळी मी फाडली. आणि तिने पोलिसांसमोर ज्याला ओळखलं, तो मी होतो.

ती आता नाही. मी ऐंशीच्या पुढे गेलोय. तिच्या नावावर एक खोटी साक्ष चढलेली आहे, ती उतरवायला दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मी गिरगावातून भाईंदरला आलो तेव्हा गोडदेव हे खरोखरचं गाव होतं. स्टेशनातून पूर्वेला उतरलं की चिखल, मग शेतं, मग घरं. तिच्या वडिलांनी बांधलेल्या बैठ्या चाळीत मी भाड्याने खोली घेतली. ती आगरी घरातली, मी कंपनीतला कारकून. जमलं. माझ्या घरचे लग्नाला आले नाहीत, तिच्या घरच्यांनी सगळ्या गावाला जेवायला घातलं. तिच्या तोंडचं ‘हाय’ आणि ‘न्हाय’ मला तेव्हा फार गोड वाटायचं. मी मुद्दाम असे प्रश्न विचारायचो की तिला ‘न्हाय’ म्हणावं लागेल.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील. ऑफिसातले साहेब घरी जेवायला आले. ती त्यांना वाढताना म्हणाली, “अजून भात हाय, लाजू नका.” साहेब हसले, त्यांनी आनंदाने भात घेतला. ते गेल्यावर मी दार लावलं आणि तिला पहिल्यांदा मारलं.

त्यानंतर माझी एक पद्धतच बसून गेली, तीही सांगतो. पाठीत, दंडावर, मांडीवर मारायचं. चेहऱ्यावर नाही, कारण तिला भाजीला बाहेर जावं लागे. मारताना मी आवाज चढवत नसे. रेडिओ लावत असे. शेजारपाजारचे मला शांत स्वभावाचा माणूस म्हणत. ती माझ्यासमोर ‘नाही’ म्हणायला शिकली. माहेरी गेली की पुन्हा ‘न्हाय’.

रोम बघायचं हे माझं शाळेपासूनचं वेड होतं. इतिहासाच्या पुस्तकात एका अर्ध्या पडलेल्या वर्तुळाकार इमारतीचं चित्र होतं, त्याच्यासमोर मी तासन्‌तास काढलेत. निवृत्त झालो, मुलीचं लग्न झालेलं होतं, तेव्हा आम्ही टूरवर निघालो. मराठी बोलणारी टूर लीडर, बसमध्ये चकल्या आणि चिवडा, असा तो प्रकार. लीडर पुण्याची, तिशीतली, सगळे तिला ताई म्हणायचे. ग्रुपमध्ये ठाण्याचे एक निवृत्त फौजदार होते. जाडजूड, हसरे, विनोद सांगणारे. बस त्यांच्याभोवती जमायची.

रोममध्ये पहिल्याच सकाळी ती इमारत बघितली. मी महिनाभर वाचून तयारी केली होती. ताईने गाईडचं इंग्रजी मराठीत आणलं की त्यापुढे मी भर घालायचो. लोक ऐकत होते. खाली जनावरांचे पिंजरे कुठे असत, गुलामांना कुठल्या दारातून आणत, हे मी हाताने दाखवत होतो. तेवढ्यात ही मध्येच म्हणाली, “वाघाला आदी उपाशी ठेवायला लागत असंल. पोट भरलेलं जनावर कशाला कुनाला खातंय?”

सगळे हसले. फौजदार म्हणाले, “वहिनी बरोबर बोलतायत. आमच्या खात्यात घ्यायला पाहिजे होतं ह्यांना.”

उपाशी ठेवण्याचं मीच सांगणार होतो. तेच माझं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं. ते तिने काढून घेतलं, आणि तेही त्या भाषेत. मी हसलो. आतून मात्र हात तापायला लागला होता. हे मी शब्दशः लिहितोय. मला मारायचं असलं की आधी उजवा तळवा गरम व्हायचा.

दुपारी आम्हाला त्या मोठ्या कारंज्यापाशी नेलं. संगमरवरी घोडे, देव, हिरवंनिळं पाणी, माणसांची ही गर्दी. ताईने सांगितलं, कारंज्याकडे पाठ करायची आणि खांद्यावरून नाणं मागे टाकायचं, म्हणजे रोमला परत येणं होतं. लोक नाणी फेकून फोटो काढत होते. मीही काढला. वळून बघतो तर ही काठावर बूट काढून अनवाणी उभी. नाणं तिने कारंज्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी, कपाळाला लावून सोडलं, खाडीत सोडतात तसं. मग ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, डोक्यावर शिंपडलं, शेजारच्या एका गोऱ्या बाईवरही थोडं शिंपडलं. ती बाई हसली, हिने तिला नमस्कार केला.

ग्रुपमधल्या एकीने विचारलं, “अहो, हे काय तीर्थ आहे का?”

“मग? पैसे टाकतात, म्हंजे देवच हाय ना,” ही म्हणाली आणि पाय धुवायला म्हणून तिने पाऊल पाण्यात घातलं.

कर्कश शिट्टी वाजली. गणवेशातला एक माणूस ओरडत आला, हातवारे करत. कारंज्याभोवतीची सगळी गर्दी आमच्याकडे बघायला लागली. दोन-चार कॅमेरे तिच्यावर लागले, साडी वर धरून, एक पाय पाण्यात. ताईने धावत जाऊन माफी मागितली. आमच्या बायका पोट धरून हसत होत्या, त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. फौजदार म्हणाले, “वहिनींनी रोमला पावन केलं!” तीही हसली. ओल्या पायात बूट घालताना ती इतकी मोकळी हसत होती की तसं हसताना मी तिला किती वर्षांत पाहिलं नव्हतं, आठवत नाही.

“चल,” मी म्हटलं. “तिकडे एक छान गल्ली आहे. फोटो काढू.”

तिचं हसू थांबलं. ती आली. ग्रुप आइस्क्रीमच्या दुकानापुढे रांगेत होता.

गल्ली अरुंद होती. भिंती पिवळ्या, रंगाचे पोपडे उडालेले. एका बंद दाराच्या कोनाड्यात मी तिला नेलं. तिथे रेडिओ नव्हता. मी पहिल्यांदा पोटात मारलं, ती वाकली. मग पाठीत. ती काही बोलली नाही, मार खाताना ती कधी बोलत नसे, फक्त तोंडातून हवा गेल्यासारखा आवाज यायचा. त्या आवाजाचाही मला राग आला. “इथे तरी,” मी म्हणत होतो, “इथे तरी माणसासारखी वाग.” तिने चुकवायला मान फिरवली आणि माझा उलटा हात तिच्या चेहऱ्यावर गेला. मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. पट्ट्याच्या कडीत तिची कुडी अडकली. मी हात मागे ओढला, रागातच ओढला, आणि काहीतरी फाटल्याचा आवाज आला. जाड कापड टराटरा फाडताना येतो, त्याच्याहून बारीक. तिच्या मानेवरून रक्त ब्लाउजमध्ये उतरलं. ते बघून थांबायला हवं होतं. मी तिचं डोकं धरून भिंतीवर आपटलं.

तेव्हा मागून माझा हात कोणीतरी धरला.

“काका, मत मारो. औरत को मत मारो.”

तिशीचा एक सावळा माणूस होता. काखेत सेलोफेनमध्ये गुंडाळलेले गुलाब. कारंज्यापाशी त्याने आम्हालाही ‘चाची, फूल लो’ म्हणून हटकलं होतं, हिंदी बंगाली वळणाची. बांगलादेशचा असावा. मी त्याला ढकललं. “तू बीच में मत आ. मेरा घर का मामला है,” भाईंदरच्या बाजारात बोलतो त्याच हिंदीत मी म्हटलं. त्याने माझा हात सोडला नाही. त्याने मला मारलंही नाही, एकदाही. फक्त दोन्ही हातांनी माझं मनगट धरून ठेवलं आणि म्हणत राहिला, “बस, काका, बस. हो गया.” गुलाब खाली पडून आमच्या पायांखाली आले होते.

गल्लीच्या तोंडाशी आमच्यातलीच एक बाई हातात आइस्क्रीमचा कोन घेऊन आली होती. तिला दिसलं ते असं: हिचा कान फाटलेला, कुडी गायब, आणि एक परका माणूस माझ्याशी झोंबतोय.

“चोर! अगं बाई, चोर! कान फाडला वहिनींचा!”

ती किंचाळेपर्यंत माझ्या मनात काहीही नव्हतं. त्या किंचाळीने मला सगळं तयार करून हातात दिलं. मी त्या माणसाची कॉलर धरली आणि त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. पहिली लाथ माझी.

मग आमचे सगळे आले. आपल्याकडे स्टेशनवर पाकीटमार सापडला की कोण आहे, काय केलं, हे न विचारता येणारा-जाणारा हात साफ करून घेतो. बँकेतले, शाळेतले, दुकानवाले. तेच हात घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. चार-पाच जणांनी त्याला खाली पाडला. कोणी छातीवर, कोणी बरगडीवर. भाईंदर पश्चिमेच्या एका हार्डवेअरवाल्या शेठने, जो बसमध्ये चढताना पायरीला नमस्कार करायचा, त्याने कॅमेऱ्याच्या पट्ट्याने मारलं. फौजदार गर्दी सारून पुढे झाले. ते ओरडत नव्हते. “तोंडावर नको, खूण राहते. पोटरीवर घ्या,” ते म्हणाले आणि स्वतः त्याच्या पोटरीवर बुटाची टाच ठेवून सगळं वजन टाकलं. तो माणूस तेव्हा पहिल्यांदा ओरडला. पण तोपर्यंत तोंडावरही बसली होती, समोरचा एक दात ओठातून बाहेर आला होता. त्याचे खिसे उलटे केले. कुडी मिळाली नाही. “साथीदाराकडे दिली असणार,” कोणीतरी म्हणालं.

ती भिंतीला टेकून उभी होती, पदराने कान दाबून. “अरे सोडा त्याला,” ती म्हणत होती. “त्यानं काय केलेलं न्हाय.” आमच्या आरडाओरड्यात ते कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

पोलीस आले. एक पुरुष, एक बाई. त्यांनी आम्हाला बाजूला केलं, त्याला उठवून भिंतीशी बसवलं आणि कागद मागितले. त्याच्याकडे नव्हते. पोलीसबाईने हिचा कान बघितला आणि इंग्रजीत ताईला विचारलं, हे कोणी केलं, ह्यांनाच सांगू द्या.

ताई हिच्याजवळ गेली. खांद्यावर हात ठेवला. “काकू, घाबरू नका. सगळे आहोत आम्ही. कोणी मारलं तुम्हाला?”

ती म्हणाली, “ह्यांनी.”

मराठी वाचणाऱ्याला यापुढे समजावून सांगायची गरज नाही, तरी लिहितो. आमच्या पिढीची बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. ती ‘हे’ म्हणते. ‘ह्यांना बरं नाही’, ‘ह्यांनी आणलं’. आणि चोराला कोणी अहोजाहो करत नाही. कान फाडणारा चोर ‘ह्याने’ असतो, ‘मेल्याने’ असतो. तो ‘ह्यांनी’ कधीच नसतो. तिने माझं नाव सांगितलं होतं. लग्नानंतर जे एकच नाव तिने मला दिलं होतं, ते तिने पोलिसांसमोर, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं होतं.

ताईने विचारलं, “ह्यांनी म्हणजे... कोणी, काकू? दाखवा बरं.”

ती बोट उचलेना. माझ्याकडे बोट तिने आयुष्यात दाखवलं नव्हतं. ती फक्त बघत होती, माझ्याकडे. मी त्या माणसाच्या शेजारीच उभा होतो.

“बरोबर,” मी म्हणालो आणि वाकून त्याच्या कॉलरला हात घातला. “ह्याने. हाच तो.”

लिहून बघितलं तर किती थोडा फरक. एक अनुस्वार पुसायचा आणि शेवटची वेलांटी काढून मात्रा द्यायची.

ताईने माझ्याकडे बघितलं, मग फौजदारांकडे, मग घड्याळाकडे. बस थांबवता येत नाही अशा ठिकाणी बस थांबलेली होती. “धिस मॅन,” ती पोलीसबाईला म्हणाली. आवाज फार लहान होता.

त्या माणसाला इंग्रजी कळलं. तो माझ्याशी बोललाच नाही. तो हिच्याकडे वळला, तोंडातून रक्ताची लाळ गळत होती. “चाची, सच बोलो ना. मेरा कागज नहीं है, ये लोग वापस भेज देगा मुझे. आप बोलो ना, चाची.”

तिला हिंदी धड येत नसे. “हम बोला रे,” ती म्हणाली. “खरा बोला हम.”

तक्रार लिहून द्यायला चौकीत यावं लागेल, असं पोलीस म्हणाले. ताईने सांगितलं, आम्हाला निघायचंय. तक्रार झाली नाही, पण कागद नव्हते म्हणून ते त्याला घेऊनच गेले. तो एका पायाने लंगडत होता आणि त्या पायात बूट नव्हता. बूट गल्लीत पडला होता. हिने तो उचलला आणि कान तसाच वाहत असताना पोलिसांच्या गाडीपर्यंत धावत जाऊन खिडकीतून आत दिला.

“बघा, केवढं मन,” मागून कोणीतरी म्हणालं. “चोराचा बूट नेऊन देते!”

बसमध्ये बसल्यावर तिने माझं मनगट स्वतःच्या मांडीवर घेतलं. घड्याळाच्या कडीत कुडी अजून अडकलेली होती, तिच्यावर कातडीचा एक तुकडा. तिने ती नखाने सोडवली, रुमालाच्या टोकाला बांधली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी घड्याळ काढून खिशात टाकलं. थोड्या वेळाने फौजदार माझ्या शेजारच्या सीटच्या दांड्याला धरून उभे राहिले. वाकले. तोंडाला बडीशेपेचा वास येत होता.

“वहिनींचा कान बघितला मी,” ते हळूच म्हणाले. “खेचून काढली कुडी तर पाळी खाली उभी फाटते. ही बाजूने फाटलीय. फटक्याने.”

मी खिशातल्या घड्याळावर हात ठेवला.

“घरातलं घरात ठेवायचं, साहेब. परमुलखात हात उचलायचा नाही.”

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणालो, “तर मग त्याला का मारलंत?”

“पहिली लाथ कोणाची होती?” ते म्हणाले. हसले आणि पुढे जाऊन त्यांनी विनोद सांगायला सुरुवात केली.

टाके घालून झाले, टूर पुढे गेली. ज्या-ज्या शहरात गेलो तिथल्या फोटोंत ती पदर घेऊन उभी आहे. व्हेनिसमध्ये बोटीत बसल्यावर तिने एकच विचारलं, “त्याला सोडला असंल का?”

“सोडला असेल,” मी म्हणालो.

घरी आल्यावर गोष्ट मला सांगावी लागली नाही. ग्रुपमधले भाईंदरचे लोक आमच्या आधी सांगून मोकळे झाले होते. मी फक्त नको तिथे गप्प बसलो आणि हवं तिथे भर घातली. गोडदेवला तिच्या थोरल्या भावाने तिला सरळ विचारलं, “खरंच चोर होता काय गं?” ती म्हणाली, “ह्यांनी सांगितलं ना तुला? मग तसंच.” भावाने माझ्याकडे रोखून बघितलं. विषय तिथेच संपला.

रोमनंतर मी हात उचलला नाही, असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. मीरा रोडला, भाईंदरला बंगालहून आलेले पुष्कळ कारागीर, फेरीवाले आहेत. कपडे विकणारा कोणी दारात आला आणि त्याच्या बोलण्यात तसं वळण ऐकू आलं की ही विचारायची, “तुम्हारा कोई इटली में हाय क्या? फूल बेचनेवाला? सामने का दात न्हाय?” फेरीवाले गोंधळून जायचे. एकदा शेजारीण समोर असताना तिने हे विचारलं. शेजारीण गेल्यावर मी तिला स्वयंपाकघरात पाडून मारलं, आणि ते रोममधल्यापेक्षा कमी नव्हतं. मी थांबलो ते अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात गेला तेव्हा. मग ती मला भरवायची. घास तोंडात घालताना तिचा हात माझ्या तोंडाजवळ यायचा आणि माझंच अंग आक्रसायचं. ती मारेल म्हणून. तिने कधी मारलं नाही.

हात पुढे थोडा सुधारला, तेव्हा तिचं आजारपण सुरू झालं. ती अंथरुणाला खिळली तेव्हा मुलगी येऊन राहिली. एका सकाळी मुलगी तिचे केस विंचरत होती. कानाची दुभंगलेली पाळी तिच्या बोटांना लागली. “आई, केवढी हिंमत गं तुझी. त्या चोराला पोलिसांसमोर ओळखलंस.”

ती स्पष्ट बोलली. “चोर न्हवता तो. सोडवायला आला होता.”

मुलीने कंगवा थांबवला. दारात मी उभा होतो. “कोणापासून सोडवायला?” तिने विचारलं, आईला विचारलं, पण बघितलं माझ्याकडे.

“वय झालंय तिचं,” मी म्हणालो. “काहीतरी बोलते आता. विसरायला लागलीय.”

ती काही विसरली नव्हती. शेवटपर्यंत तिला दुधाचा हिशेब, नातवंडांचे वाढदिवस, सगळं पाठ होतं. मी तिचं खरं दुसऱ्यांदा खोटं केलं. त्यानंतर ती त्यावर बोलली नाही. महिन्याभरात गेली.

दिवस झाल्यावर घरात आलेल्या बायकांना मुलगी रोमची गोष्ट सांगत होती, आई किती धीट होती म्हणून. मी मध्येच थांबवलं. सगळ्यांसमोर नाही, तेवढं बळ नव्हतं. त्या गेल्यावर मुलीला बसवून सगळं सांगितलं, साहेबांच्या भातापासून. तिने ऐकून घेतलं. रडली नाही. शेवटी म्हणाली, “मला एकटीला सांगून काय उपयोग? माईकवर ज्यांना सांगितलंत, त्यांना सांगा.” तिने बॅग भरली. तेव्हापासून ती सणावारालाही आलेली नाही. फोनवर औषधं घेतली का, एवढं विचारते.

मी संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर गेलो आणि आमच्या वयाच्या सगळ्यांना सांगितलं. तो चोर नव्हता. मी बायकोला मारत होतो, त्याने मला अडवलं.

एक म्हणाले, “जाऊ द्या हो. संसारात होतं असं. आता कशाला स्वतःची शोभा करून घेताय?”

दुसरे म्हणाले, “पण होता बांगलादेशीच ना? परत गेला असेल तर बरंच झालं.”

“तो चोर नव्हता,” मी पुन्हा म्हटलं. तोवर चहा आला होता.

तरी मी सांगायचं सोडलेलं नाही. परवा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू भेटले. तरुण माणूस, हातात हेल्मेट. “काका, तुम्हीच ना ते, रोमला चोर पकडलेले?”

“नाही,” मी म्हणालो. “मारणारा मी.”

“अरे वा! मारलंच पाहिजे असल्यांना,” तो म्हणाला.

लिफ्ट वर जात होती. मी पुन्हा नीट सांगितलं, मुलांना व्याकरण शिकवताना सांगतात तसं, एकही शब्द न गाळता. मी माझ्या बायकोला मारलं. तिचा कान मी फाडला. त्या माणसाने माझा हात धरला. आम्ही त्या माणसाला मारलं. माझ्या बायकोने पोलिसांना खरं सांगितलं आणि मी ते बदललं.

त्याने आधी माझ्याकडे आणि मग दारावरच्या आकड्यांकडे बघितलं. त्याचा मजला आला. तो मागे न बघता उतरला. पण त्याने ऐकलं होतं.